कांदा लिलीच्या कुळातून बाहेर का गेला?

जुन्या कृषी पाठ्यपुस्तकांत कांदा, लसूण, शतावरी, सफेद मुसळी, कोरफड आणि कळलावी ही सारी पिके लिलिएसी या एकाच कुळात सापडतात. मराठीत या कुळाला ‘पलांडु कुल’ म्हणतात. पलांडु म्हणजे कांदा. आजच्या वर्गीकरणात मात्र कांदाच या कुळात राहिलेला नाही. कंद खरेदी करताना किंवा सल्ला देताना चूक होऊ नये म्हणून हा बदल समजून घ्या.

बदल कशामुळे झाला?
पूर्वी कुळ मुख्यतः फुलाच्या रचनेवरून ठरवत. सहा पाकळ्या, सहा पुंकेसर आणि पाकळ्यांच्या वर असलेला अंडाशय दिसला की वनस्पती बहुधा लिलिएसीत जाई. पण ही रचना दूरच्या नात्यातील वनस्पतींतही आढळते. डीएनएच्या अभ्यासातून खरे नाते स्पष्ट झाले. १९९८ पासून प्रसिद्ध होत आलेल्या ‘एपीजी’ या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात जुन्या कुळाची अनेक कुळे झाली.

आजची कुळे
• लिलिएसी: लिलियम (एशियाटिक, ओरिएंटल लिली), ट्युलिप
• अ‍ॅमारिलिडेसी: कांदा (अ‍ॅलियम सेपा), लसूण (अ‍ॅलियम सॅटिव्हम), स्पायडर लिली (हायमेनोकॅलिस)
• अ‍ॅस्पॅरॅगेसी: शतावरी, निशिगंध, सफेद मुसळी (क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम, हे नाव बोरिवलीवरून पडले)
• अ‍ॅस्फोडेलेसी: कोरफड
• कोल्चिकेसी: कळलावी (ग्लोरिओसा सुपर्बा)

शेतात याचा उपयोग
१. कंद खरेदी: आपल्या फूलबाजारात नुसते ‘लिली’ म्हटले की बहुधा स्पायडर लिलीच्या कळ्या समजल्या जातात. पॉलिहाउसमधील लिली म्हणजे लिलियम. लिलियमच्या कंदावर कांद्यासारखे कोरडे आवरण नसते, खवले उघडे असतात. त्यामुळे हा कंद लवकर सुकतो. तो ओलसर कोकोपीटमध्ये थंड जागी ठेवा.
२. फेरपालट: कुळाचे नाव बदलले, तरी कांदा आणि लसूण एकाच प्रजातीतील आहेत. फुलकिडे आणि जांभळा करपा दोन्हींवर येतात. लसणानंतर कांदा घेतल्यास ती फेरपालट ठरत नाही.
३. औषधांची शिफारस: कांद्यासाठीचे तणनाशक ‘एकाच कुळातले’ म्हणून शतावरी किंवा मुसळीवर फवारू नका. लेबलवर त्या पिकाचे नाव असले पाहिजे.
४. विषबाधा: कळलावीच्या सर्व भागांत, विशेषतः कंद आणि बियांत, कोल्चिसीन हे विषारी द्रव्य असते. रताळे समजून कंद खाल्ल्याने मृत्यू ओढवू शकतो. कंद खाद्य कंदांपासून वेगळे, नावाची चिठ्ठी लावून आणि मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवा. कोणी खाल्ल्यास उरलेला कंद सोबत घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठा.

लागवड साहित्य घेताना बिलावर प्रजाती आणि जाती असे दोन्ही शब्दांचे शास्त्रीय नाव लिहून घ्या. बाजारातले नाव गावागणिक बदलते आणि कुळाचे नावही काळानुसार बदलू शकते. पीक नेमके कोणते, हे या दोन शब्दांवरूनच ठरवा.