धाव, टायर आणि ‘बारमाही’ची कुळकथा

चाकाच्या घेरावर चढवलेल्या लोखंडी पट्टीला मराठीत ‘धाव’ म्हणतात, आणि मोटारीच्या टायरची कुळकथा मराठी वाचकापुढे मांडताना ती या शब्दापासूनच सुरू करणे उचित ठरते. कारण जमिनीला प्रत्यक्ष टेकणारा, चाकाच्या वाटची झीज स्वतः सोसणारा आणि झिजल्यावर बदलता येणारा भाग ही कल्पना रबराहून फार जुनी आहे. ऋग्वेदात रथचक्राच्या धातूच्या कडेसाठी ‘पवि’ हा शब्द येतो, लाकडी घेराला संस्कृतात ‘नेमि’ म्हणतात, आणि बाविसावे जैन तीर्थंकर अरिष्टनेमि यांच्या नावाचा अर्थच ज्याच्या चाकाचा घेर अभंग आहे तो, असा होतो. इंग्रजीतील ‘टायर’ हा शब्द मात्र ‘अटायर’ म्हणजे पेहराव या शब्दाचे संक्षिप्त रूप मानला जातो. इंग्रजीला टायर हे चाकाचे वस्त्र वाटले, तर मराठीने त्याच वस्तूला तिच्या धावण्यावरून नाव दिले.

धाव बसवण्याचे तंत्र बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण टायर आणि तापमान यांचे नाते त्यात पहिल्यांदा उघड दिसते. लोखंडी कडे चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम किंचित लहान ठेवले जाते; गोवऱ्यांच्या आगीत ते लालबुंद होईपर्यंत तापवतात, सांडशींनी तिघेचौघे मिळून उचलून आडव्या ठेवलेल्या चाकावर बसवतात, घणाने ठोकून जागेवर आणतात आणि लाकूड पेट घेण्याच्या आत वरून पाणी ओततात. साधारण साडेचार मीटर परिघाचे कडे 500 अंशांनी तापले की ते सुमारे अडीच सेंटीमीटरने लांबते, आणि निवताना तेवढेच आखडून आरे, पाटे व तुंबा यांना एकजीव आवळून धरते. उन्हाळ्यात मात्र लाकूड वाळून आक्रसते, पण लोखंड आक्रसत नाही, त्यामुळे धाव सैल पडून खडखडू लागते. म्हणून गाडीवान चाके डोहात किंवा तळ्यात भिजत घालत आणि फुगलेल्या लाकडाने धाव पुन्हा घट्ट होई. चाकाला ऋतूप्रमाणे वागवावे लागते, हे ज्ञान रबर येण्याआधी गावोगाव होते.

उत्तर कोकणात, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांत, 1860च्या दशकात मुंबई–सुरत लोहमार्ग सुरू झाल्यावर जंगलपट्टीतील माल स्थानकापर्यंत आणणारी चाके याच लोखंडी धावेची होती. रबराची वाट त्याआधीच आखली जात होती: चार्ल्स गुडइयर यांनी 1839मध्ये रबर गंधकासह तापवून ते उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होऊ नये अशी प्रक्रिया, म्हणजे ‘व्हल्कनीकरण’, शोधली, रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी 1845मध्ये हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले, पण ते विस्मरणात गेले, आणि 1888मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी तीच कल्पना नव्याने साकारली. भारतात डनलॉपचा कारखाना 1936मध्ये हुगळीकाठी साहागंज येथे उभा राहिला. पुढे बैलगाडीलाही रबरी चाके आली, आणि त्या गाडीला महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी ‘टायरगाडी’ हे नाव दिले. ‘धाव’ हा शब्द मात्र लोखंडाबरोबरच मागे राहिला, ही मराठीची हानीच म्हणावी लागेल.

चाकाला ऋतूप्रमाणे वागवण्याची गरज रबरी टायरलाही चुकली नाही: ‘हिवाळी टायर’ या प्रकाराचे मूळ फिनलंडमध्ये आहे. नोकिया या गावातील रबर कारखान्याने 1934मध्ये बर्फाळ रस्त्यांवर चालणाऱ्या मालमोटारींसाठी खास टायर बनवला आणि 1936मध्ये मोटारींसाठी ‘हाक्कापेलिट्टा’ हा टायर आणला. सुरुवातीला भर नक्षीवर होता. टायरच्या पृष्ठभागावरील खाचा व ठोकळे यांच्या रचनेला ‘नक्षी’ म्हणतात. रुंद खोल खाचांत बर्फ दाबला जातो आणि बर्फाला बर्फ धरून राहतो, या तत्त्वावर ती बेतलेली असते. ठोकळ्यांवर केसासारख्या बारीक चिरा पाडण्याची युक्ती अमेरिकेत जॉन सायप यांनी 1923मध्ये पेटंट केली, म्हणून त्या चिरांना ‘सायप’ म्हणतात. टायर रस्त्यावर टेकला की त्या उघडतात आणि निसरड्यावर धरायला शेकडो कडा मिळतात. नंतर टायरवर धातूचे खिळे बसवण्यात आले, पण त्यांनी डांबर खरवडून शहरांत धूळ माजवल्यामुळे जपानने 1990मध्ये कायदा करून त्यांना आवर घातला.

नक्षीहून निर्णायक ठरले ते रबराचे मिश्रण. प्रत्येक रबराला एक तापमान असते, ज्याच्या खाली ते लवचीकपणा सोडून काचेसारखे कडक होते. त्याला ‘काचसंक्रमण तापमान’ म्हणतात. सामान्य, म्हणजे उन्हाळी, टायरचे रबर त्या बिंदूच्या बरेच आधी, हवा सुमारे 7 अंशांखाली गेली की, ताठरू लागते आणि रस्त्याच्या बारीक उंचसखलपणात रुतत नाही. हिवाळी टायरचे रबर त्या थंडीतही मऊ राहते. पण तेच रबर उन्हात इतके मऊ पडते की ठोकळे डगमगतात, ब्रेक लावल्यावर गाडी लांब जाऊन थांबते आणि टायर झपाट्याने झिजतो. कॅनडातील क्विबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च या काळात हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत, त्यामुळे माँट्रिअलमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला टायरचे दोन संच बाळगणे हा हौसेचा भाग उरत नाही.

दोन संचांचा खर्च आणि वर्षातून दोनदा अदलाबदल टाळण्याच्या गरजेतून ‘ऑल-सीझन’ टायर जन्मला. गुडइयर कंपनीने 1977मध्ये ‘टिएंपो’ नावाचा असा रेडियल टायर बाजारात आणला. रेडियल म्हणजे ज्याच्या आतील दोऱ्यांचे थर चाकाच्या आऱ्यांप्रमाणे काटकोनात जातात तो, आणि भारतात जे. के. टायरने रेडियल आणला तेही याच वर्षी. स्पॅनिशमध्ये ‘टिएंपो’ या एकाच शब्दाचे काळ आणि हवामान असे दोन अर्थ होतात. पुढे अशा टायरवर चिखल व बर्फ दर्शवणारी ‘एम+एस’ ही खूण येऊ लागली, पण ती मुख्यतः नक्षीच्या रचनेवरून दिली जाई. प्रत्यक्ष बर्फावरील चाचणीत उतरलेल्या टायरसाठी तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी वेगळी खूण 1999मध्ये ठरली. या नावातील ‘सर्व ऋतू’ म्हणजे समशीतोष्ण देशांचे ऋतू होत. तेथे ऋतूची सीमारेषा हिम पडते की नाही यावरून आखली जाते.

मराठीत ‘ऑल-सीझन’ला नेमका प्रतिशब्द आधीपासून आहे: ‘बारमाही’. ज्या नदीचे पाणी वैशाखातही आटत नाही ती बारमाही नदी, आणि जो रस्ता श्रावणातही बंद पडत नाही तो बारमाही रस्ता. 2000 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने हाच शब्द शासकीय परिभाषेत रूढ केला. या योजनेत सपाटीवरील वस्तीसाठी 500 लोकसंख्येची अट असताना आदिवासी व डोंगरी भागासाठी ती 250वर आणली गेली, आणि डहाणू-तलासरीतील पाडे याच वर्गात मोडतात. ओढ्यावर मोरी नसेल तर चार महिने पाडा तुटतो, आजाऱ्याला डोलीतून आणावे लागते, म्हणून ‘बारमाही’ या शब्दाचे येथील मोल पाण्यावरून ठरलेले आहे. एकच कल्पना दोन हवामानांत वाढली, तर एकीकडे तिचे माप हिम झाले आणि दुसरीकडे पूर. टायर निवडताना हा फरक ध्यानात न घेतल्यास चुकीच्या गुणासाठी पैसे मोजले जातात.

डहाणूच्या किनाऱ्यावर किंवा तलासरीच्या डोंगरपायथ्याशी जानेवारीच्या पहाटेही पारा साधारणपणे दोन आकडी असतो, तर मे महिन्यात डांबर हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. त्यामुळे हिवाळी टायर येथे केवळ अनावश्यक नसून घातक आहे, आणि थंडीसाठी मऊ केलेल्या ‘ऑल-सीझन’ टायरचा खास गुण वापरायची वेळच येत नाही. भारतात मोटारींना मिळणारे बहुतेक टायर उष्णता आणि पाऊस यांसाठीच घडवलेले असतात, आणि येथील बारमाही टायर म्हणजे तेच. काही जीपसारख्या गाड्यांच्या टायरवर ‘एम+एस’ कोरलेले आढळते. त्यातला चिखलाचा भाग आतल्या कच्च्या वाटांवर उपयोगी पडतो.

खरी कसोटी राष्ट्रीय महामार्ग 48वर, चारोटीपासून तलासरीवरून आच्छाडच्या सीमेपर्यंत, आषाढातल्या मुसळधारेत लागते. टायर आणि रस्ता यांचा संपर्क प्रत्येक चाकाखाली जेमतेम तळहाताएवढ्या जागेत होतो, आणि तेथील पाणी खाचांतून बाहेर फेकले गेले नाही तर पाण्याची पाचर शिरून चाक वर उचलले जाते, स्टिअरिंग हलके पडते आणि ब्रेक निरुपयोगी होतो. याला ‘जलतरंगण’ म्हणता येईल. अमेरिकेतील नासा संस्थेने विमानांच्या टायरवर केलेल्या अभ्यासातून निघालेल्या सूत्राप्रमाणे, पुरेसे पाणी साचले असता 32 पौंड हवा असलेला गुळगुळीत टायर ताशी सुमारे 94 किलोमीटरला तरंगू लागतो, आणि हवा 25 पौंडांवर आली तर हा वेग 83च्या आसपास उतरतो. म्हणजे पावसात हवा कमी ठेवली की पकड वाढते हा समज या रस्त्यावर उलटाच ठरतो. 1990च्या दशकात रबरात काजळीऐवजी बऱ्याच अंशी सिलिका मिसळू लागल्यापासून ओल्या रस्त्यावरील पकड पुष्कळ सुधारली, परंतु खाचच उरली नसेल तर मिश्रणाचा इलाज चालत नाही.

भारतीय नियमांनुसार मोटारीच्या टायरची खाच किमान 1.6 मिलिमीटर असावी लागते, आणि ती ओळखण्यासाठी मुख्य खाचांच्या तळाशी रबराचे लहान उंचवटे ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. मात्र 1.6 ही कायद्याची शेवटची मर्यादा आहे, कोकणच्या पावसाची नव्हे. खाच 3 मिलिमीटरच्या जवळ आली की पाणी फेकण्याची शक्ती लक्षणीय घटलेली असते. म्हणून मृग लागण्याच्या आधी, धाव सैल झाली का हे जसे गाडीवान चाकावर ठोकून पाहत, तसे या उंचवट्यांवर बोट फिरवून खाच किती उरली ते पाहावे, आणि ते चारही चाकांवर, आतल्या कडेलासुद्धा, कारण चाकांचे अलाइनमेंट बिघडलेल्या गाडीचा टायर तेथेच आधी गुळगुळीत होतो.