श्रीमंतांवर जास्त कर लावावा का? जगाचं मत आणि आपल्या पगारातले 200 रुपये

'श्रीमंतांकडून जास्त कर घ्या' असं म्हणणारे जगात किती आहेत? 2024 मध्ये 'अर्थ फॉर ऑल' आणि 'ग्लोबल कॉमन्स अलायन्स' यांच्यासाठी 'इप्सॉस'ने बहुतेक जी-20 देशांत लोकांना हा प्रश्न विचारला. श्रीमंतांच्या संपत्तीवर जास्त कर लावायला 68 टक्के लोकांनी पाठिंबा दिला. इंडोनेशियात हा आकडा 86, ब्रिटनमध्ये 77, भारतात 74. सौदी अरेबिया आणि अर्जेंटिनात तो सर्वात कमी होता, तरीही 54. म्हणजे निम्म्याच्या खाली कुठेच नाही.

खरा वाद पुढे आहे: श्रीमंत कोण? जळगावात नोकरदार केळीच्या बागायतदाराकडे बोट दाखवतो, कारण शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. बागायतदार सराफाकडे बघतो. सराफ म्हणतो, मुंबईला जा! (धुळ्याच्या कोरडवाहू कापूसवाल्याला हा प्रश्न विचारूच नये.)

महाराष्ट्राने मात्र एकदा या प्रश्नाचं ठोस उत्तर दिलं होतं. 1972 च्या दुष्काळात लाखो लोक खडी फोडायला गेले. त्याच काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली: जो काम मागेल त्याला सरकारने काम द्यायचं. पण पैसा कुठून आणायचा? त्यासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर आला. सोबत बागायत जमिनीवर विशेष आकारणी, विक्रीकर आणि वाहनकरावर अधिभार, आणि जमेल तेवढीच रक्कम राज्याच्या तिजोरीतून. शहरातला पगारदार आणि पाटाच्या पाण्याखालचा शेतकरी या दोघांनी मिळून कोरडवाहू भागातल्या मजुराची मजुरी द्यायची, असा तो हिशेब. रोहयोचा कायदा 1977 चा, अंमल 26 जानेवारी 1979 पासून.

तुमच्या पगारपत्रकावर 'पीटी' म्हणून कापले जातात ते हेच पैसे. महिन्याला 200, फेब्रुवारीत 300, वर्षाला 2,500.

आता गंमत बघा. राज्यघटनेच्या कलम 276 मध्ये या कराला वर्षाला 2,500 रुपयांची मर्यादा आहे. ती 1988 मध्ये ठरली (त्याआधी 250 होती) आणि अजून तीच आहे. त्यामुळे धुळ्यात महिना 15 हजार कमावणारा पुरुष कर्मचारी 2,500 भरतो, आणि महिना 5 लाख कमावणाराही 2,500 च भरतो. पहिल्याच्या उत्पन्नाचा हा सुमारे 1.4 टक्के भाग, दुसऱ्याच्या 0.04 टक्के. श्रीमंतांवरचा कर म्हणावा, तर हा नेमका उलटा झालाय.

आयकराचं तसं नाही, तिथे उत्पन्नाबरोबर दर चढतो. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तर सर्वात वरचा दर 97.75 टक्के होता! इतका दर असला की लोक उत्पन्न लपवतात, म्हणून तो खाली आणावा लागला. 1957 पासूनचा संपत्ती करही 2015 च्या अर्थसंकल्पात रद्द झाला, कारण वसुली फार थोडी होती. त्याऐवजी एक कोटीच्या वरच्या उत्पन्नावर 2 टक्के जादा अधिभार लावला गेला.

व्यवसाय करात एक बदल अलीकडे झाला: एप्रिल 2023 पासून महिना 25 हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे. पुरुषांना ही सवलत 7,500 पर्यंतच.