वाऱ्याशी झुंज

मोटारसायकलीचा वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. इटलीतील मोटो गुझी कारखान्याने हे मर्म ओळखले आणि कोमो सरोवराकाठी मांदेल्लो येथे, स्वारासह अखंड गाडी मावेल एवढा वायुबोगदा १९५० साली उभारला. त्यातील अभ्यासातून, पुढचे चाकही पोटात घेणाऱ्या कवचाला, म्हणजे फेअरिंगला, सफाईदार रूप आले. इंग्रजांनी अशा कवचाला ‘कचरापेटी’ म्हणून हिणविले. नाव ओंगळ खरे, पण गुण थोर! अधिक नळकांड्यांच्या बलिष्ठ गाड्यांसमोर गुझीच्या एकाच नळकांड्याच्या गाडीने ३५० घनसेंटिमीटर गटाचे जगज्जेतेपद १९५३ ते १९५७ अशी पाच वर्षे राखले, त्यात या कवचाचा वाटा मोठा होता.

परंतु जे समोरचा वारा कापी, तेच आडव्या वाऱ्यात शिडासारखे फुगे. भरवेगात झोत बगलेवर आदळला की पुढचे चाक भलतीकडे ओढले जाई आणि स्वाराचे प्राण कंठाशी येत. अखेर आंतरराष्ट्रीय महासंघाने १९५८ च्या हंगामापासून शर्यतीत पुढचे चाक झाकण्यास मनाई केली. तेव्हा चाक मोकळे सोडणारे ‘डॉल्फिन’ कवच रूढ झाले. १९७६ साली बीएमडब्ल्यूने आर १०० आरएस ही संपूर्ण कवचाची गाडी सामान्य गिऱ्हाइकासाठी आणली. तिचे कवच दूरच्या प्रवासात स्वाराच्या छातीवरचा वारा आणि पाऊस अडवी.