अजमास, बेहेडा व ताळेबंद

आपल्याकडील संग्राहकांची दृष्टि बहुधा पत्रांवर असते. लढाईची हकीगत देणारें एखादें मोडी पत्र हातीं लागलें कीं त्याची नक्कल होते, टिपण छापलें जातें. त्याच रुमालांतील हिशेबाचे बंद मात्र पुन्हां माळ्यावर जातात. हा अपराध प्रस्तुत लेखकाकडूनहि घडला आहे. तरुणपणीं एका वाड्यांतील दफ्तर चाळतांना मीं पत्रें तेवढीं उतरून घेतलीं. दहा वर्षांनीं हिशेबांसाठीं परत गेलों, तों वाळवीनें कांहीं शिल्लक ठेवलें नव्हतें.

वस्तुतः पेशवाईचें राज्य कसें चाले हें अजमासांतच दिसतें. येणाऱ्या सालीं महालाची जमा किती, पैकीं शिबंदी, देवस्थानें, वर्षासनें यांस किती व हुजुरांत भरणा किती, हें ठरवून बेहेडा होई. कमाविसदार रसदेची रक्कम आगाऊ भरी व मग रयतेकडून वसूल करी. सालअखेर हिशेब हुजुरांत रुजू होत. मजुमदार, फडणीस वगैरे दरखदारांस दूर करण्याचा अधिकार कमाविसदारास नसे. त्याच्या हातास खरा अटकाव तो हाच. पुढें पुण्यास एकबेरीज दफ्तरांत साऱ्या महालांचे आंकडे जुळवून बाबवार तर्जुमा होई.

आय, व्यय व नीवी म्हणजे शिल्लक, हा विभाग कौटिल्यानेंहि केला आहे. म्हणून पेशव्यांच्या फडानें तो तेथून उचलला असें म्हणणें मात्र धाडसाचें होईल. दफ्तरांतील परिभाषा बव्हंशीं फारसी वळणाची आहे.

जमेचा आंकडा उतरला म्हणजे कारभार बिघडला, असा तर्क पुष्कळ जण करतात. तो सदोष आहे. पाऊस न पडल्यास सूट मिळे; पडीक जमिनीस इस्तावा असे, म्हणजे धारा पहिल्या सालीं थोडा व पुढें वर्षानुवर्ष चढता. अशी घट रयतेच्या बचावाची खूण असूं शकते. उलट दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत, विशेषतः १८०२ च्या वसईच्या तहानंतर, महाल इजाऱ्यानें चढ्या बोलीस दिले जाऊं लागले. सरकारची जमा आधींच निश्चित झाली. इजारदारानें ती कोठून व कशी काढली याची चौकशी उरली नाहीं, आणि दफ्तराचीहि आबाळ झाली. कागद घरोघर पांगले ते याच काळांत.

इंग्रजी 'बजेट' शब्द चामड्याच्या लहान थैलीच्या फ्रेंच नांवावरून आला आहे. आपल्या रुमालाचाच तो भाऊबंद! भेद मंजुरीचा आहे. आज संविधानाच्या ११२ व्या अनुच्छेदान्वयें वार्षिक विवरणपत्र संसदेपुढें ठेवावें लागतें व खर्चाच्या मागण्या लोकसभा मंजूर करते. बेहेड्यास हुजूरची मंजुरी पुरे. ज्याच्या खळ्यांतून पैसा निघे त्यास तेथें शब्द नव्हता.

एकाच महालाचा, एकाच सालचा अजमास व ताळेबंद असे दोन्ही कागद कोणा संग्राहकांजवळ असल्यास त्यांनीं कृपा करून कळवावें. ताडून पाहण्यास अशी एक जोडी मला हवी आहे.