मोगल चित्रांतला गोव्याचा धागा

सुरत म्हटले की आपल्या मराठी मनाला शिवाजी महाराजांची १६६४ ची स्वारी आठवते. पर्वत पाटियाच्या गजबजलेल्या वस्तीतून पश्चिमेला तापीच्या काठी गेले की शहराचा जुना किल्ला लागतो. पोर्तुगीजांच्या हल्ल्यांना आवर घालण्यासाठी १५४० च्या दशकात तो बांधला गेला. महाराजांच्या स्वारीच्या एक्याण्णव वर्षे आधी, १५७३ मध्ये, या किल्ल्याला अकबराचा वेढा पडला होता. मोगल चित्रकलेची गोष्ट सांगताना हा वेढा विसरता येत नाही. कारण तिथे आपला गोवाही हजर होता.

या कलेचे मूळ इराणात. परागंदा हुमायूनने तिथल्या दरबारातले मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद हे दोन चित्रकार आपल्याकडे आणले. नाजूक रेषा, रत्नांसारखे रंग, पण सावली नाही, अशी त्यांची शैली. अकबराने त्यांच्या हाताखाली हिंदुस्थानी चितारी बसवले. त्यांतला दसवंत पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा! 'हम्जानामा'ची सुमारे १४०० चित्रे या मंडळींनी कापडावर रंगवली. गुजरात जिंकल्यावर तिकडचे कलावंतही आले. चित्रांवरील काही नावांना 'गुजराती' असे उपपदच जोडलेले दिसते.

सुरतेच्या वेढ्यात अकबराची पोर्तुगीजांशी गाठ पडली आणि गोव्याचा दूत आंतोनियो काब्राल त्याच्या छावणीत गेला. पुढे अकबराच्या निमंत्रणावरून गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला पोचले. त्यांनी बादशहाला अँटवर्पला छापलेले बहुभाषी बायबल भेट दिले. त्यातली आणि इतर युरोपीय छापचित्रे केशवदास, बसावन यांनी अभ्यासली. अंगाला गोलाई आली, वस्त्रांच्या चुण्यांत सावली उतरली, मागचे डोंगर धूसर झाले. पण नक्कल करून ते थांबले नाहीत. घेतलेले त्यांनी आपल्या रेषेत मुरवले. फर्रुख बेगने रंगवलेला अकबराचा सुरतप्रवेश आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. हा चित्रकार मोगल दरबारात आला १५८५ मध्ये, म्हणजे त्याने तो प्रसंग डोळ्यांनी पाहिलाच नव्हता.

त्या पाद्र्यांचा प्रमुख होता रुदोल्फ आक्वाविवा. १५८३ मध्ये तो गोव्याला परतला आणि त्याच वर्षी जुलैत कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांच्या हातून मारला गेला. साष्टीतली देवळे पाडली जात होती, लोकांचा संताप शिगेला पोचला होता. बदल्यात कुंकळ्ळीच्या पुढाऱ्यांनाही असोळण्याला ठार मारण्यात आले.

माणूस तोच, धर्मही तोच. फत्तेपूरला त्याने नेलेली चित्रे कुतूहलाने हाताळली गेली, कारण काय घ्यावे आणि काय सोडावे हे घेणाऱ्याच्या हाती होते. कुंकळ्ळीकरांपुढे तशी निवड कुणी ठेवलीच नाही. संस्कृतींच्या देवाणघेवाणीबद्दल आपण कौतुकाने बोलतो. बोलताना, समोरच्याला 'नको' म्हणण्याची मुभा होती का, एवढे मात्र विचारून घ्यावे.