दंत क्ष-किरण चित्रण (खोल किडीचे निदान)

दाताची कीड किती खोल गेली आहे हे उपचारापूर्वी ताडण्याची पद्धत. व्हिल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले. पुढच्याच वर्षी जर्मन दंतवैद्य ओटो वाल्कहोफ यांनी स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्यासाठी ते सुमारे २५ मिनिटे किरणांपुढे होते. आज हे काम सेकंदाच्या अंशात होते.

दाताचे निरोगी बाह्य कवच, म्हणजे एनॅमल, क्ष-किरण चित्रात पांढरे दिसते, किडलेला भाग काळसर. वरून तपकिरी ठिपक्याएवढी दिसणारी कीड आतल्या थरात, म्हणजे डेंटिनमध्ये, पसरून दाताच्या नसेपाशी पोचलेली असू शकते. नस आणि कीड यांच्यात डेंटिनचा पांढरा पट्टा उरला असेल, तर नस वाचवून दात भरण्याचा प्रयत्न करता येतो. मुळाच्या टोकाशी काळी छाया असेल, तर बहुधा नस मेलेली असते आणि रूट कॅनाल किंवा दात काढणे, हेच मार्ग राहतात. दोन दातांमधली कीड पाहायला रुग्णाला पट्टी चावायला लावून चित्र घेतात. मुळासाठी वेगळे चित्र लागते.

मात्र चित्रावर डोळे झाकून विसंबणे चूक आहे. बरीच खनिजे झिजल्याखेरीज कीड चित्रात उमटत नाही, त्यामुळे ती असते त्यापेक्षा उथळ भासते. नस जिवंत आहे की नाही, हे थंड स्पर्शाला दात काय प्रतिसाद देतो यावरूनही पडताळावे लागते. गर्भवती स्त्रीने एक्स-रेपूर्वी डॉक्टरांना तसे अवश्य सांगावे.