उभ्याने पाहिलेला खेळ

२०१७च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या चार-पाच दिवस आधी, मी जर्मनीतल्या डॉर्टमुंड शहरात फुटबॉलचा एक सामना पाहिला. माझा भाचा नोकरीनिमित्त तेव्हा ड्युसेलडॉर्फला होता. त्याच्या एका सहकाऱ्याच्या घरी त्या शनिवारी काही कार्य निघाले आणि त्याचे हंगामाचे तिकीट एका दिवसासाठी माझ्या हाती आले. तिकिटावर स्टँडचे नाव होते, विभाग होता, पण खुर्चीचा क्रमांक नव्हता. खुर्चीच नव्हती. वेस्टफालेन स्टेडियमच्या दक्षिणेकडच्या पायऱ्यांवर सुमारे २५ हजार माणसे उभी राहून सामना पाहतात. उभ्याची एवढी मोठी जागा युरोपात दुसरी नाही. पिवळ्या कपड्यांतल्या त्या गर्दीला 'पिवळी भिंत' म्हणतात, आणि चढ इतका उभा आहे की वर पाहिले की खरोखर भिंतच वाटते.

वयाच्या साठीत नव्वद मिनिटे उभे राहणे मला जमेल का, अशी भाच्याला धास्ती होती. जमले, कारण तिथे एकट्याला उभे राहावे लागत नाही, गर्दीच तुम्हाला उभे ठेवते. शेजारच्याने न विचारता माझ्या हातात बिअरचा पेला दिला. डॉर्टमुंडने गोल केला तेव्हा त्यातली निम्मी माझ्या कोटावर आणि उरलेली पुढच्यांच्या डोक्यांवर गेली. कोणी मागे वळूनही पाहिले नाही.

डॉर्टमुंड तो सामना २-३ असा हरले. समोर लाइपझिगचा संघ होता, आणि त्याच्यासाठी वाजणाऱ्या शिट्ट्या केवळ प्रतिस्पर्ध्यासाठी वाजतात तशा नव्हत्या. त्यांचे कारण पुढे येईलच.

दिवाळी भाच्याकडेच झाली. दोन आठवड्यांनी मी लिव्हरपूलला ॲनफिल्डच्या प्रसिद्ध 'कॉप' स्टँडमध्ये होतो. समोर हडर्सफील्ड होते, लिव्हरपूल ३-० असे जिंकले. इथे तिकिटावर रांग आणि खुर्ची दोन्हींचे क्रमांक होते. बिअर मैदान दिसणार नाही अशा बोळात, मध्यंतरात घाईघाईने घशाखाली ओतायची. कारण १९८५च्या कायद्याने इंग्लंडमध्ये फुटबॉल पाहता पाहता मद्य पिण्यास बंदी आहे. सामना सुरू होण्यापूर्वी गाणे मात्र दोन्हीकडे एकच. 'यू विल नेव्हर वॉक अलोन' हे मूळचे १९४५च्या 'कॅरोसेल' या अमेरिकन संगीतिकेतले. १९६३मध्ये लिव्हरपूलच्याच एका बँडने ते गाजवले, ॲनफिल्डने ते उचलले आणि पुढे डॉर्टमुंडनेही. गाणे संपले, खेळ सुरू झाला, आणि माझ्या आसपासचे कोणीही खाली बसले नाही. सगळे आपापल्या क्रमांकाच्या खुर्चीपुढे उभे. नियमाने बसायला हवे होते. नियम कोणी पाळत नव्हते आणि पाळायला लावतही नव्हते.

एकाच खेळाच्या, एकच गाणे गाणाऱ्या दोन गर्दींपैकी एक हक्काने उभी आणि दुसरी चोरून उभी, असे का झाले? परतल्यावर मी त्याचा माग काढू लागलो.

सुरुवात 'कॉप' या नावापासूनच करू. तो आफ्रिकान्स भाषेतला टेकडीसाठीचा शब्द. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात, जानेवारी १९००मध्ये, स्पायन कॉप नावाच्या टेकडीवर ब्रिटिश सैन्याची दारुण कत्तल झाली. मेलेल्यांत लँकेशायरच्या पलटणींतले, म्हणजे लिव्हरपूलच्या पंचक्रोशीतले पुष्कळ होते. १९०६मध्ये ॲनफिल्डवर मातीचा उंच चढ उभारला गेला, तेव्हा एका स्थानिक पत्रकाराने त्याला त्या टेकडीचे नाव सुचवले. जखमींना झोळीतून वाहून नेणाऱ्यांत नाताळमधल्या हिंदी लोकांचे एक पथकही होते, आणि ते उभारण्यात मोहनदास करमचंद गांधी नावाच्या तरुण बॅरिस्टरचा पुढाकार होता. जखमी खांद्यावर घेऊन दिवसाला वीस-पंचवीस मैल चालावे लागे, असे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. ॲनफिल्डवर हे कोणाला सांगावे, असे मला क्षणभर वाटले. पण लिव्हरपूलचा पेनल्टीचा फटका तेव्हाच वाया गेला आणि कोणी ऐकण्याच्या स्थितीत नव्हते.

त्या चढावर एके काळी तीस हजारांच्या आसपास माणसे उभी राहत. गोदी कामगार, खलाशी, कारखान्यांतले मजूर. आज त्या दिवसांबद्दल फार हळवेपणाने लिहिले जाते, म्हणून हेही नोंदवायला हवे की गर्दीतून स्वच्छतागृहापर्यंत पोचणे अशक्य असे, आणि लोक वर्तमानपत्राची सुरळी करून तिथल्या तिथेच मोकळे होत. पुढच्याच्या पोटरीवरून ऊन ओघळ येई. बायका फार कमी दिसत, त्याची कारणे वेगळी शोधायला नकोत.

आणि माणसे मरतही होती. १९४६मध्ये बोल्टनला चेंगराचेंगरीत ३३, १९७१मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्सवर ६६. मे १९८५मध्ये ब्रॅडफर्डचे लाकडी स्टँड पेटून ५६ माणसे गेली. त्याच महिन्यात ब्रुसेल्सच्या हायसल मैदानावर, लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी चाल करून गेल्यावर भिंत कोसळली आणि ३९ जण मेले, बहुतेक इटालियन. इंग्लिश क्लबांना युरोपीय स्पर्धांतून हाकलण्यात आले. त्या वर्षांत फुटबॉलचा प्रेक्षक म्हणजे गुंड, हे सरकार, पोलीस आणि वृत्तपत्रांनी गृहीतच धरले होते. लंडनच्या चेल्सी क्लबच्या अध्यक्षांनी तर प्रेक्षकांना आवरण्यासाठी विजेच्या तारांचे कुंपण उभारले. शहराच्या प्रशासनाने मनाई केली म्हणून त्यातून वीज वाहिली नाही, एवढेच.

विजेविना कुंपणे मात्र बहुतेक मैदानांवर होतीच. शेफील्डच्या हिल्सबरोवर पायऱ्यांचे जाळ्या लावून कप्पे पाडले होते. त्या कप्प्यांना इंग्रजीत 'पेन' म्हणत, गुरांच्या कोंडवाड्यासाठी वापरतात तोच शब्द. १९८१मध्ये तिथे चेंगराचेंगरीत ३८ जण जखमी झाले होते. १५ एप्रिल १९८९ रोजी तिथेच लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टचा उपान्त्य सामना होता. उभ्याची तिकिटे असलेल्या दहा हजारांहून अधिक लिव्हरपूलकरांसाठी फिरती फाटके होती सात. बाहेर गर्दी तुंबली. सामना सुरू व्हायला आठ मिनिटे असताना पोलिसांनी बाहेर पडण्याचे एक मोठे फाटक उघडवले. लोंढा समोरच्या बोगद्यातून आधीच भरलेल्या मधल्या दोन कप्प्यांत शिरला. बाजूच्या कप्प्यांत जागा होती, पण तिकडे वळवायला कोणी उभे नव्हते. पुढे लोखंडी जाळी. सामना सहा मिनिटांत थांबला.

बंदोबस्ताच्या प्रमुखाने तिथल्या तिथे सांगितले की प्रेक्षकांनी फाटक फोडले. चार दिवसांनी एका खपाऊ वृत्तपत्राने पहिल्या पानावर छापले की लिव्हरपूलच्या लोकांनी मृतांचे खिसे कापले. दोन्ही खोटे होते. हे अधिकृतपणे मान्य व्हायला २०१२चा स्वतंत्र समितीचा अहवाल यावा लागला, आणि माणसे बेकायदा कृत्यामुळे मेली, प्रेक्षकांचा त्यात दोष नव्हता, असा ज्यूरीचा निर्णय २०१६मध्ये आला. सत्तावीस वर्षे.

न्यायमूर्ती टेलर यांना मात्र पहिल्या काही महिन्यांतच दिसले होते की मुख्य कारण पोलिसांचा ताबा सुटणे हे होते. त्यांचा अंतिम अहवाल जानेवारी १९९०मध्ये आला. त्यात त्यांनी म्हटले की उभे राहणे मुळातच धोक्याचे नाही. पण सर्वांत सुरक्षित उपाय खुर्चीच. मग कायदा झाला. वरच्या दोन श्रेणींतली मैदाने खुर्च्यांनी भरली. ३० एप्रिल १९९४ला कॉपवर माणसे शेवटची उभी राहिली आणि नवी कॉप झाली साडेबारा हजारांहून थोडी कमी आसनांची.

टेलर यांच्या अहवालातला एक तपशील माझ्या मनातून जात नाही. खुर्च्यांमुळे तिकीट महागायचे कारण नाही, असे सांगताना त्यांनी आयब्रॉक्सचे उदाहरण दिले: बसून सहा पौंड, उभे राहून चार. त्यांचा हेतू प्रामाणिक होता. पण १९९२मध्ये प्रीमियर लीग आली, दूरचित्रवाणीचा पैसा आला आणि सहा पौंडांचे काय झाले हे मी वेगळे सांगायला नको. कॉपमधली माझी खुर्ची डॉर्टमुंडच्या जागेच्या कित्येक पट महाग पडली. आणि तिथे माझ्या आगेमागे फोटो काढणारे माझ्यासारखेच पाहुणे किती होते, हेही मी पाहत होतो.

जर्मनीतही नव्वदच्या दशकात हीच हवा होती. युरोपीय संघटनेने आपल्या स्पर्धांसाठी खुर्च्या सक्तीच्या केल्या. पण तिथे प्रेक्षकांच्या संघटना झाल्या, त्यांनी मोहीम चालवली, आणि देशांतर्गत सामन्यांपुरत्या उभ्याच्या जागा राहिल्या. डॉर्टमुंडने तोड काढली: युरोपीय सामना असला की दक्षिणेकडे खुर्च्या बसवायच्या, तेव्हा ८१ हजारांचे स्टेडियम ६६ हजारांचे होई, सामना संपला की खुर्च्या काढून टाकायच्या. प्रेक्षकांचे ऐकावे लागले याचे कारण भावनिक नव्हते. जर्मन क्लब हे सभासदांच्या संस्था होते. १९९८मध्ये कंपनी काढण्याची मुभा मिळाली तेव्हाही निम्म्याहून एक अधिक मत सभासदांच्या संस्थेकडेच राहील, असा नियम झाला. त्याला '५० अधिक १' म्हणतात. लाइपझिगवरच्या शिट्ट्यांचा उगम इथे. तो संघ २००९मध्ये एका पेय कंपनीने उभा केला आणि मताधिकार असलेले सभासद मोजकेच ठेवून नियमाचा शब्द पाळला.

पण पिवळ्या भिंतीवर मी भाळलो असे वाचकाने समजू नये. मी गेलो त्याच वर्षी फेब्रुवारीत लाइपझिगचा संघ आला होता, तेव्हा डॉर्टमुंडच्या काही लोकांनी पाहुण्या प्रेक्षकांवर दगड आणि बाटल्या फेकल्या. त्यांत बायका-मुले होती. शिक्षा म्हणून पुढच्या एका सामन्याला सबंध दक्षिण स्टँड रिकामे ठेवण्यात आले. कंपनीविरुद्धचा राग सात-आठ वर्षांच्या पोराच्या डोक्यावर काढणारी गर्दी कोणत्याही हक्काच्या गोष्टी करो, मला तिची भीतीच वाटते. मला बिअर देणाऱ्या त्या गृहस्थाने फेब्रुवारीत काय केले असेल, हा प्रश्न मला त्या रात्री परतीच्या लोकलमध्ये पडला होता.

आणि बसवलेले इंग्लिश प्रेक्षक अगदीच मुके झाले, असेही नाही. फेब्रुवारी २०१६मध्ये लिव्हरपूलच्या मालकांनी सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे ठरवले. संडरलँडविरुद्धच्या सामन्यात ७७व्या मिनिटाला हजारो माणसे उठून बाहेर चालती झाली. लिव्हरपूल तेव्हा २-०ने पुढे होते. सामना २-२ असा सुटला. काही दिवसांत भाववाढ मागे घेतली गेली. उठून जाण्यासाठी आधी बसलेले असावे लागते, असा विनोद मला कोणी ऐकवला असता तर मी हसलो असतो.

इंग्लंडमध्ये उभ्याची जागा शेवटी परत आली. प्रत्येक रांगेपुढे कंबरेइतका लोखंडी कठडा, घडीची खुर्ची, एका माणसाला एकच जागा. २ जानेवारी २०२२ रोजी चेल्सी आणि लिव्हरपूलच्या सामन्यात प्रीमियर लीगच्या प्रेक्षकांना प्रथमच परवानगीने उभे राहता आले. आयब्रॉक्सच्या दुर्घटनेची तारीखही हीच, हे बहुधा कोणी मुद्दाम साधलेले नसावे. लिव्हरपूलमध्ये या प्रश्नावर वर्षानुवर्षे वाद झाला. हिल्सबरोवर मुले गमावलेल्या काही आईवडिलांना उभ्याच्या जागेचे नावही नको होते. काहींचे म्हणणे होते की आमची मुले उभी राहिली म्हणून नव्हे, कोंडली गेली म्हणून मेली. २०१७मध्ये समर्थकांच्या संघटनेने मत घेतले, तेव्हा कौल मोठ्या बहुमताने कठड्यांच्या बाजूने गेला.

ॲनफिल्डवर ते कठडे २०२१च्या उन्हाळ्यात बसले, कॉपच्या काही भागातही. त्याच जुलैत हिल्सबरोवर जबर इजा झालेला एक माणूस बत्तीस वर्षांनी वारला. त्याचा मृत्यू त्या दिवसाच्या इजांमुळेच झाला, असे न्यायालयाने ठरवले आणि मृतांचा आकडा ९६चा ९७ झाला.